मागं छत्तीस

साळवे सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. खुलताबादच्या शाळेत बदलून आलो, तो पहिला दिवस. मी लिंबाखाली गाडी लावली, शर्ट नीट खोचला, तेवढ्यात समोरून एक उंच, सावळा, पन्नाशीचा माणूस येताना दिसला. नवीन जागा, म्हटलं आपण होऊन नमस्कार करावा. मी हात जोडले. तो माणूस माझ्या जोडलेल्या हातांना वळसा घालून गेला आणि माझ्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला. खिशातून पेनासारखं काहीतरी काढून त्यानं ते चाकाच्या व्हॉल्व्हला टेकवलं. फुस्स झालं, आणि पेनाच्या बुडातून एक पांढरी काडी बाहेर आली. तिच्यावर बारीक रेघा होत्या.

"चव्वेचाळीस," तो म्हणाला. "चालवत आलात का उड्या मारत?"

आता खरं सांगायचं तर मी उड्या मारतच आलो होतो. सिडकोतून निघाल्यापासून माझी कंबर माझ्याशी बोलत नव्हती. पण नव्या शाळेत पहिल्याच दिवशी असं कोण कबूल करतं?

"रस्ता खराब आहे," मी म्हणालो.

"रस्ता हाय तसाच हाय. गाडी आत्ता गरम हाय म्हणून चार पाऊंड सोडून देऊ. तरी चाळीस. एकट्या माणसाला मागं अठ्ठावीस लागतं, पुढं पंचवीस. तुमच्या चेन कव्हरवर स्टिकर हाय, त्याच्यावर लिवलंय. वाचलं नाय?"

मी सहा वर्षं ती गाडी चालवत होतो. तिथं स्टिकर आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"शिकवता काय?"

"मराठी."

"मंग वाचायचं काम तर तुमचंच हाय," असं म्हणून ते उठले, गुडघे झटकले आणि घंटा झाली म्हणून वर्गावर निघून गेले. माझं नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

सर चित्रकला शिकवायचे. फळ्यावर एका झटक्यात वर्तुळ काढायचे, कंपास लावून बघितला तरी चूक सापडायची नाही. पण पोरं त्यांना चित्रकलेचे सर म्हणत नसत, पाऊंड सर म्हणत. हवा मोजायचं ते पेनासारखं गेज कायम शर्टाच्या खिशात. इतरांच्या खिशाला शाईचे डाग, ह्यांच्या खिशाला भोकं. शेवटी सुशीलावहिनींनी, म्हणजे सरांच्या मिसेसनं, जुन्या साडीच्या काठाची एक खोळ शिवून दिली. मग काय, जांभळ्या जरीच्या काठात हवेचं गेज, ते डौलात खिशात. लग्नकार्यातही.

आम्ही दोघं सिडकोत दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहायचो, म्हणून अप-डाऊन एकत्र करायचं ठरलं. एक दिवस त्यांची गाडी, एक दिवस माझी. पंचवीस किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, मध्ये दौलताबादचा घाट. ह्या व्यवस्थेत माझं पेट्रोल वाचलं आणि डोकं उठलं.

कारण सकाळी साडेसहाला त्यांच्या दारात गेलो की एक पूजा चालू असायची. सर लाकडी पाटावर बसलेले, गेज हातात. एकदा मोजायचं, दोनदा मोजायचं, तीनदा मोजायचं. कमी असलं तर पायपंपानं भरायचं. मग खडू घेऊन फरशीवर लिहायचं: पु. २५, मा. ३६. बाजूलाच वहिनी रांगोळी काढत असायच्या. दोघांची कामं हातभर अंतरावर चालायची आणि कुणी कुणाच्या हद्दीत जायचं नाही. मी रजेवर असलो की मा. २८, कारण गाडीवर एकटेच जाणार. मी असलो की ३६. वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या, पण फरशी बरोबर वाचायच्या. "छत्तीस दिसलं की मी चहात पाणी वाढवते," असं एकदा मला म्हणाल्या. नवरा-बायकोत छत्तीसचा आकडा असतो म्हणतात. ह्यांच्या दारात तो माझ्या नावानं लिहिलेला असायचा.

"सर, पंपावर फुकट भरून देतात की," मी एकदा जांभई देत म्हटलं.

"पंपावर जाईस्तोवर टायर गरम व्हतो. टायर थंड असतानाच खरं बोलतो, शिंदे. गरम झाला की माणसासारखाच, हाय त्यापेक्षा जास्त सांगतो."

हे त्यांचं वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. ते फक्त टायरला लावत नसत. मुख्याध्यापकांकडे रजेचा अर्ज न्यायचा तर पहिल्या तासाच्या आधी न्यायचा, तेव्हा माणूस थंड असतो. दुपारी भांडलेल्या दोन शिक्षकांना ते दुसऱ्या दिवशी सकाळी विचारायचे, "आता सांगा, काय झालतं?" आणि बहुतेक वेळा त्यांना आठवायचंच नाही.

एवढी कटकट कशाला, असं स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलंच. चहा आला होता, बशीत बिस्किटं होती. सरांनी दोन बिस्किटं उचलून टेबलावर लांब लांब ठेवली.

"गाडीचं चाक जमिनीला किती टेकतं? पुढचं एवढं, मागचं एवढं. ह्या दोन बिस्किटांवर मी, हे शिंदे, त्यांचा डबा, माझी पिशवी. घाटाच्या वळणावर सगळा जीव ह्याच्यावर. हवा कमी झाली तर बिस्किट पसरतं, गाडी डुलती. जास्त झाली तर आकसतं, गाडी घसरती. म्हनून मोजायचं." आणि त्यांनी पुढचं चाक चहात बुडवून खाल्लं.

पण हे झालं लोकांना सांगायचं कारण. आतलं कारण मला छावणीपुढच्या पंक्चरवाल्या चाचांमुळे कळलं.

चाचांचं दुकान म्हणजे एक टपरी आणि एक कॉम्प्रेसर. येईल त्याच्या चाकात ते हवा ठासायचे आणि टायर अंगठ्यानं दाबून म्हणायचे, "कडक हो गया. अब महिनाभर देखने की जरूरत नक्को." एकदा माझ्या चाकाला असंच केलं आणि सर माझ्यामागेच बसलेले होते. ते उतरले.

"चाचा, तुम्हारा मीटर झूठ बोलता."

"मास्टर, वालिद के टाइम का मीटर है. बीस साल से मैं यहीच देख रहा."

"तो बीस साल से झूठ बोलता."

मी म्हटलं आता मारामारी होते. पण सरांनी आपलं गेज लावलं, चाचांना चष्मा घालायला लावला आणि काडी दाखवली. चाचांचं मीटर सहा पाऊंड जास्त सांगत होतं. चाचांनी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा सहा. मग ते स्टुलावर बसले आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "कित्ते लोगां गये होंगे इधर से." पुढच्या आठवड्यात टपरीवर पाटी लागली होती, हवा नापके मिलेगी, आणि मीटरच्या काचेवर लाल रंगात लिहिलं होतं, सहा कमी पकडो.

मीटरचं खोटं निघालं त्याच दिवशी घाट चढताना सर बोलले. मागे बसून, माझ्या हेल्मेटच्या कानाशी.

"अंगठ्यानं दाबून कळत नाय, शिंदे. सव्वीस असो का छत्तीस, अंगठ्याला सगळं कडकच लागतं. माझ्या आज्यानं जन्मभर अंगठा लावला. कागदावर काय लिवलंय ते दुसऱ्यानं सांगायचं, ह्यानं अंगठा लावायचा. बापाला शाळेत घातलं तवा आजा म्हनला, आता ह्या घरात कुनी अंगठा लावायचा नाय, वाचायचं. म्हनून मी वाचतो. आकडा असला तर आकडा."

माझ्या घरात बिडकीनला सातबारा वाचणारी माणसं चार पिढ्या होती आणि मी सहा वर्षांत एक स्टिकर वाचला नव्हता. लाज वाटली, दुसरं काय.

लाज वाटली म्हणून मी सुधारलो असं कुणी समजू नये. उलट मी जरा शहाणा झालो आणि शहाणा झाल्यावरच खरी चूक केली. मे महिन्यात उन्हाळी जादा वर्ग होते, सर रजेवर. मी एकटा गेलो. जाण्याआधी त्यांचं गेज मागून घेतलं होतं, कारण परत आल्यावर शाबासकी घ्यायची होती. खुलताबादला पोचलो, भर उन्हात शाळेत गाडी लावली आणि लगेच मोजलं. बत्तीस. स्टिकर म्हणतो अठ्ठावीस. मी मोठ्या अभिमानानं व्हॉल्व्ह काडीनं दाबून चार पाऊंड हवा सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीची पाळी, सर मागे. निघायला उशीर झाला म्हणून त्या सकाळी मोजणं राहिलं. दौलताबादचा दरवाजा ओलांडून घाटाला लागलो आणि पहिल्याच वळणावर गाडी म्हशीसारखी डुलायला लागली.

"थांबवा," सर म्हणाले.

"सर, कालच मोजली."

"कवा?"

"शाळेत पोचल्यावर."

मागून आवाज आला, अगदी शांतपणे, "गरम टायरला विचारलं तुमी. त्यानं वाढवून सांगितलं. तुमी त्याचं ऐकलं. आन आता दोघं बसलोय."

आम्ही गाडी सावलीला घेतली. मला वाटलं आता पिशवीतून हातपंप काढतील, भरतील, निघू. सर लिंबाच्या बुंध्याला टेकून बसले आणि डोळे मिटले.

"सर, भरायची ना?"

"मोजल्याबिगर किती भरनार? आन आत्ता तो गरम हाय. थंड होऊ द्या."

पाऊण तास. मे महिन्यात, घाटात, एक टायर थंड व्हायची वाट बघत दोन सरकारमान्य शिक्षक बसून राहिले. एसटी गेली, तिच्यातून आमच्याच शाळेच्या पोरांनी हात केले. शाळेत पोचलो तेव्हा दुसरा तास चालू होता. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं. मी पोट दुखलं म्हणून सांगायच्या तयारीत होतो, तेवढ्यात सर म्हणाले, "टायर थंड होत नव्हता." मुख्याध्यापकांनी हजेरीपट माझ्याकडे सरकवला आणि कपाळाला हात लावला.

त्यांना खोटं बोलताच येत नसे, हीच तर पंचाईत. मधल्या सुट्टीत ते सगळ्यांच्या गाड्यांचे टायर बघत फिरायचे. मधोमध झिजला म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या म्हणजे हवा कमी किंवा ओझं जास्त. ज्योतिष्यानं हात बघावा तसं बघायचे. असंच एकदा भर स्टाफरूममध्ये, सगळे डबे उघडून बसलेले असताना, आमच्या इंग्रजीच्या तरण्या गायकवाड सरांना म्हणाले, "गायकवाड, तुमी रोज डबलसीट फिरताय आन हवा एकट्याची भरताय."

गायकवाड रोज एकटाच येतो असं तो सगळ्यांना सांगायचा. भूगोलाच्या मोरे मॅडम एसटीनं येतात असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

"नाही सर, एकटाच असतो," गायकवाड म्हणाला.

"टायर बोलतोय की. दोन्ही कडा खाल्ल्यात. मागं बसनारं मानूस बारीक हाय, पन्नास-बावन्न किलोचं. पन रोज हाय. मागं छत्तीस भरत जा."

मी छताकडे बघितलं. मोरे मॅडमनी डबा अर्धा ठेवून झाकण लावलं आणि आपल्याला वर्गावर जायचंय असं म्हणाल्या. सुट्टी संपायला वीस मिनिटं होती. त्या गेल्यावर सरांनी मला हळूच विचारलं, "मॅडमना बरं नाय का?" देवाशपथ सांगतो, त्या माणसाच्या डोक्यात टायरपलीकडे काहीही नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात दोघांचं लग्न झालं. दोन्ही घरांत आधी बरीच आदळआपट झाली, मग सगळे थंड झाल्यावर जमलं. सरांनी आहेर म्हणून रंगीत कागदात गुंडाळून पायपंप दिला. वर चिठ्ठी, सुंदर अक्षरात: पु. २५, मा. ३६. आता उघड उघड भरा. म्हणजे तोवर त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं सांगत बसलो तिच्याकडे येतो. सांगायला जड जातंय, कारण तिच्यात मी चांगला दिसत नाही.

सरांच्या रिटायरमेंटला दीड-एक वर्ष उरलं होतं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, कडेचं आधी जाईल, समोरचं मागून हळूहळू, आणि गेलेलं परत येणार नाही. थेंब दिले. गाडी कमी करा म्हणाले.

"कमी करा म्हनाले, बंद करा नाय म्हनाले," सर वहिनींना म्हणाले. "मी चाळीसच्या वर पळवत नाय आता."

वहिनी कमी बोलायच्या, पण बोलल्या की त्यात फट नसायची. त्या म्हणाल्या, "बरं. पन एक ठरवू. तुमी रोज गेज वाचता ना? ज्या दिवशी तुमचा आकडा चुकंल त्या दिवशी चावी माझ्या हातात द्यायची. वाद घालायचा नाय."

"कबूल," सर म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले. आकडा आपला चुकेल हे त्यांच्या मनातही आलं नसावं.

आता ती गाडी म्हणजे सरांना काय होतं, हे ज्यानं त्यांना घाटात बघितलं नाही त्याला कळणार नाही. घरात ते साधे, शाळेत जरा बावळट, पण घाटात गाडी वळणाला वाकवायचे तेव्हा माणूस दहा वर्षांनी तरुण व्हायचा. गुणगुणायचे. बेसूर, पण गुणगुणायचे. चावी गेली असती तर ते सगळंच गेलं असतं आणि हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

एक दिवस घाट उतरताना डाव्या हातानं एक बकरी रस्त्यावर आली. मी मागून बघितली. सरांनी बघितलीच नाही. ती आमच्या चाकापासून वीतभर अंतरावरून गेली आणि सर गुणगुणत राहिले. मी म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हणालो. संध्याकाळी दारात वहिनींनी विचारलं, "भावजी, नीट चालवतात ना?" मी म्हणालो, "एकदम." त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि आत गेल्या.

मग मला अजून एक गोष्ट दिसायला लागली. सर गेज लावायचे, काडी बाहेर यायची, पण ते काडीकडे बघण्याआधी त्यांचा दुसरा हात टायरकडे जायचा. अंगठा. टायर दाबायचा आणि मग आकडा बोलायचा. बारीक रेघा त्यांना एकमेकींत मिसळलेल्या दिसत असणार. साळवे सर अंगठ्यानं हवा बघत होते, आणि मी पाटाशेजारी उभा राहून ते बघत होतो.

थंडीचे दिवस होते. सोमवार. मी साडेसहाला गेलो तर वहिनींची रांगोळी झालेली होती आणि त्या पायरीवर बसल्या होत्या. एरवी ह्या वेळी त्या आत असायच्या. सरांनी नेहमीसारखं गेज लावलं, अंगठा दाबला, काडी डोळ्यांसमोर धरली.

"पस्तीस. एक पाऊंड कमी हाय," म्हणाले आणि पंप घ्यायला वळले.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "तुमी बघा बरं जरा."

मी गेज घेतलं. लावलं. काडी बाहेर आली. सव्वीस. मी परत लावलं. सव्वीस. मान वर केली तर सर भिंतीकडे बघत उभे होते, पाठ माझ्याकडे, आणि त्यांचा एक हात खिशात होता. खिशात चावी होती. मला ती बकरी आठवली आणि ते गुणगुणणंही आठवलं.

"पस्तीसच आहे, वहिनी," मी म्हणालो.

वहिनींनी अंबाड्यातून एक पिन काढली आणि पायरीवर ठेवली.

"पाच वाजता उठून ह्या पिनेनं मी हवा सोडली. सव्वीस ठेवली. तीनदा मोजली."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. वहिनी बिचाऱ्या पाचला उठून गेज वाचायला शिकल्या, आणि मी, मराठीचा मास्तर, त्यांच्या तोंडावर खोटं वाचत होतो.

सर वळले. मला वाटलं चिडतील. ते आधी आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"शिंदे," ते म्हणाले, "सव्वीसवर तुमाला मागं बसवून घाटात नेणार होतो मी."

"सर..."

"तुमी गप बसा. तुमी आज गरम टायर हाय." मग वहिनींना म्हणाले, "सुशीला, मी वाचलं नाय. किती दिवस झाले, मी वाचतच नाय. अंगठा लावतोय." आणि त्यांचा आवाज फुटला. सात वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता आणि परत ऐकायची इच्छा नाही.

त्यांनी खिशातून चावी काढून वहिनींच्या हातात ठेवली. वाद घातला नाही.

वहिनींनी चावी पदराला पुसली आणि माझ्यासमोर धरली. "तुमी बी खोटं बोललात. तुमची बी शिक्षा. आजपासून हे रिटायर होईस्तोवर तुमी चालवायची, ते मागं बसतील. आन आधी हवा भरा. दहा पाऊंड."

मी पंप मारायला लागलो. माझ्यासारख्या आळशी माणसाला दहा पाऊंड म्हणजे काय असतं ते विचारू नका. सर बाजूला उभे राहून म्हणत होते, "पाय सरळ ठेवा. कंबरेतून नका मारू." म्हणजे जरा बरे होत होते.

त्यानंतर वर्षभर रोज मी चालवली, सर मागे. पहिला आठवडा ते एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात घाटात मागून आवाज आला, "वळणात ब्रेक लावू नका, आधी लावा." महिनाभरात त्यांनी माझं सगळं चालवणंच ताब्यात घेतलं. रिटायर झाले त्या दिवशी निरोपसमारंभात मला खात्री होती की गेज मला मिळणार. जांभळ्या काठाच्या खोळीसकट. मी चार वाक्यं तयारही करून ठेवली होती. सरांनी ते खिशातून काढलं, सगळ्यांना दाखवलं आणि परत खिशात ठेवलं. "हे घरी लागतं," म्हणाले. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

पुढे ते दोघं मुलीकडे नांदेडला राहायला गेले. जायच्या आधी एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तेच शेवटचं बघणं. गल्लीच्या तोंडाशीच थबकलो. दारात मोटरसायकल नव्हती, एक जुनी पण धुऊन पुसून लख्ख केलेली स्कूटर उभी होती. पाटावर वहिनी बसल्या होत्या. पदर खोचलेला, नाकावर चष्मा, हातात गेज. सर शेजारी उभे, हातात खडू.

मोरे मॅडमनी, म्हणजे आता गायकवाड मॅडमनी, शाळेच्या मैदानावर रविवारी रविवारी वहिनींना स्कूटर शिकवली होती. मला कुणी पत्ता लागू दिला नाही, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

"या भावजी," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "बीबी-का-मकबऱ्यापर्यंत जाऊन येतो. ह्यांना घरात करमत नाय."

"शिंदे," सर आवाजाच्या दिशेला वळून म्हणाले, "तुमची मोजली का आज?"

"मोजली."

"किती?"

मी वळून माझ्या गाडीकडे बघितलं.

"मंग मोजा," म्हणाले आणि परत वहिनींकडे वळले. "किती हाय?"

"चौतीस."

"परत बघ."

"चौतीस. तीनदा बघितलं. दोन कमी हाय."

वहिनींनी पंप लावला. सरांनी वाकून स्कूटर घट्ट धरली. मग परत गेज.

"आता?"

"छत्तीस."

सर खाली बसले. एका हातानं फरशी चाचपली आणि दुसऱ्या हातानं लिहिलं, मा. ३६. सहाचं शेपूट वहिनींच्या रांगोळीत गेलं. वहिनींनी बघितलं आणि तसंच राहू दिलं.

मी सरांच्या उजव्या हाताकडे बघत होतो. तो आता टायरकडे जाणार, अंगठा दाबणार, हे मला ठाऊक होतं. चाक वीतभरावर होतं. वहिनी उठून स्कूटरवर बसल्या. सरांनी खडूची भुकटी झटकली, हेल्मेट घातलं, वहिनींचा खांदा धरला, आणि चाकाला हात न लावता मागं बसले.